डाव्या कानाशी वाजवलेला डबा

मी घर सोडलं त्या दुपारी आईने दारात माझ्या डाव्या कानाशी एक स्टीलचा डबा हलवला आणि म्हणाली, "ओळख."

आमच्याकडची ही जुनी सवय. कोजागिरीला भुलाबाईची गाणी झाली की खिरापत बंद डब्यात आणायची, डबा वाजवायचा आणि मुलींनी आवाजावरून आत काय आहे ते सांगायचं. आई अमरावतीची. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आल्यावरही तिने भुलाबाई सोडली नाही. भुलाबाईच्या मखराला, म्हणजे खोपडीला, ज्वारीची धांडं मिळाली नाहीत तर उसाची खोपडी केली, पण बसवली. पुढे घरात कुणी कुठे जायला निघालं की वाटेत खायचा डबा ती असाच वाजवून द्यायची. मी शाळेच्या सहलीला निघाले तरी, परीक्षेला निघाले तरी. "ओळख."

त्या दुपारी मला काहीच ऐकू आलं नाही. मला वाटलं डबा रिकामा आहे. मी म्हणाले, "आई, काही नाहीये यात."

तिने पुन्हा हलवला. तिचा हात हलताना मला दिसत होता. मग तिचा चेहरा बदलला. तिने डबा उजव्या कानाशी नेला आणि एकदम आवाज आला. शंकरपाळे. दोघींनाही कळलं. आदल्या संध्याकाळी बाबांनी उघड्या तळहाताने मारलेली थप्पड फक्त गालाला लागली नव्हती.

"जा," आई म्हणाली. "आता थांबू नकोस. मी बघते इथलं."

मी चादरीत गुंडाळलेली गिटार आणि एक सॅक घेऊन जिना उतरले. खालच्या मजल्यावर ठोंबरे काकूंचं दार थोडं उघडं होतं. मी जवळ गेले तेव्हा ते लागलं.

हे मी त्या कॉलनीतल्या बायकांसाठी लिहिते आहे. तुम्ही मागे राहिलात आणि मला लाजाळू, गुणी मुलगी म्हणत राहिलात. आणि माझ्यासारख्या ज्या निघाल्या त्यांच्यासाठीही. मला बोलता कमी येतं. माझं शिक्षण इंग्रजीत, मैत्रिणींशी हिंदीत, आणि मराठी फक्त घरात. त्यामुळे माझ्या मराठीत खूप शब्द नाहीत. झाडांची नावं नाहीत, नात्यांची अर्धी नाहीत. मारण्याचे मात्र सगळे आहेत. चापट, थप्पड, धपाटा, रट्टा, बुक्की, गुद्दा, लाथ. इंग्रजीत मी या सगळ्याला 'हिट' म्हणते आणि शिक्षिकेला काहीच कळत नाही. मराठीत मला भिंतीच्या पलीकडून फरक कळायचा.

कोजागिरीला खिरापत ओळखण्यात मला कधी कुणी हरवलं नाही. फुटाणे आणि भाजलेले शेंगदाणे यांतला फरक मी एका झटक्यात सांगायची. तुम्ही म्हणायचात, "हिचे कान म्हणजे यंत्र आहे यंत्र!" आई हसायची. ते कान कशावर तयार झाले हे तिला माहीत होतं. बाबांची स्कूटर साडेसहाला यायची. स्टँड हळू लागला तर संध्याकाळ चांगली. पायाने ठोकून लावला तर मी माझं दप्तर पलंगाखाली सरकवायची, आई गॅस बंद करायची. जिन्यावर पावलं जलद तर बाथरूमला कडी. किल्ली कुलपाच्या आजूबाजूला खरडली तर कशाचाच उपयोग नाही.

बाहेर बाबा वेगळे. कॉलनीच्या गणपतीत आरतीचं ताट धरून उभे. खात्यात त्यांच्याइतकं सभ्य ड्राफ्टिंग कुणी करत नाही असं त्यांचे साहेब म्हणायचे. आईचा ओठ फुटला की ती सांगायची, "दिल्लीची थंडी. किती व्हॅसलीन लावू?" हात काळानिळा झाला की बाथरूममध्ये पडले. आमच्या घरात सगळेच बाथरूममध्ये पडायचे.

ती थप्पड का पडली ते सांगते. मी एका कॅफेत तीन गाणी म्हटली होती. त्यातलं एक माझं, भुलाबाईच्या चालीवर बांधलेलं, खाली गिटारचे कॉर्ड. त्यात एक मुलगी स्कूटरच्या आवाजावरून ठरवते की आज जेवायचं की लपायचं. कुणीतरी व्हिडिओ काढला आणि तो कॉलनीच्या ग्रुपवर आला. तुमच्यापैकी कुणीतरी खाली टाळ्यांची सहा चिन्हं टाकली. बाबांनी तो ऑफिसात पाहिला.

घरात येऊन त्यांनी बूटही काढले नाहीत. "घरातली गोष्ट बाजारात मांडतेस?" एवढंच म्हणाले. आई मध्ये आली तेव्हा तिचे केस धरून त्यांनी तिचं डोकं फ्रिजवर आपटलं. त्या धक्क्याने फ्रिजवरचे स्टीलचे डबे एकामागून एक खाली आले. मी ओट्यावरचं लाटणं उचललं आणि त्यांच्या मनगटावर मारलं. दोनदा. दुसऱ्यांदा हाडाचा आवाज आला. तो मला आवडला. हे मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही. मग ती थप्पड आली, आणि कानात शिट्टी वाजायला लागली. ती अजून वाजते.

दुसऱ्या दिवशी बाबा मनगटाला क्रेप बँडेज बांधून ऑफिसला गेले. बाथरूममध्ये पडले म्हणून. मग आईने शंकरपाळ्यांचा डबा भरला.

द्वारका आर. के. पुरमपासून फार लांब नाही. मेट्रोने जनकपुरी वेस्टला गाडी बदलली की पोहोचतो. मला मात्र वाटत होतं की मी देश सोडला आहे. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मी जसलीनबरोबर राहू लागले. जसलीन लुधियानाची. तिच्या वडिलांचा लग्नातला बँड होता आणि ती सॅक्सोफोन वाजवायला वरातीत शिकली. आता हॉटेलांत जॅझ वाजवते. मी तिला एकदा विचारलं, जॅझ म्हणजे नेमकं काय. ती म्हणाली, "दूल्हा घोड़ी से गिर गया, फिर भी बजाते रहना है, और ऐसे कि लगे गिरना ही प्लान था. वही."

माझ्या कानाचं तिने कधी वाईट वाटून घेतलं नाही. स्टुडिओत कुणी डावीकडून बोललं की ती म्हणायची, "उधर का दफ़्तर बंद है, इस खिड़की पे आइए." मी हसायला तिथे शिकले असं म्हटलं तरी चालेल.

नोकरी मानेसरला लागली. गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या फॅक्टरीत, क्वालिटीच्या ऑफिसात. सकाळी कंपनीची बस. ऑफिसच्या काचेखाली प्रेस शॉप होतं. पत्र्यावर प्रचंड वजन पडायचं, धड, आणि मग हवा सुटायची, स्स. पहिले काही दिवस प्रत्येक 'धड'ला माझे खांदे वर जायचे. मग मी तो फोनवर रेकॉर्ड केला. घरी जसलीनने त्याच्यावर सॅक्स वाजवून पाहिला, मी वरून आईकडची चाल म्हटली, आणि आमच्या अल्बमचं पहिलं गाणं झालं. आम्हाला आठ करायची होती. अल्बमचं नाव मी आधीच ठरवलं होतं, 'खिरापत'. खाली आमच्याकडच्या चाली, मधे साधं पॉप, कुणालाही गुणगुणता येईल असं, आणि वर जसलीन.

चाली आई पाठवायची. बाबा ऑफिसला गेले की अकरा वाजता ती स्वयंपाकघरात नळ सोडून फोनवर गायची. व्हॉइस मेसेज कसा लॉक करायचा हे मी तिला शिकवलं होतं. बटण वर सरकव, हात मोकळे, गाऊन झालं की बाण दाब. ती लाटता लाटता गायची. मागे पोळपाट वाजायचा.

सप्टेंबरमध्ये तिने तिच्या आजीचं एक गाणं सुरू केलं. मी ते आधी ऐकलं नव्हतं.

पहिल्या दिवशी फुटली बांगडी, म्हटलं काचच होती.
दुसऱ्या दिवशी फुटली घागर, म्हटलं मातीच होती.
तिसऱ्या दिवशी फुटला ओठ, म्हटलं थंडीच होती.

मी ते दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या बसमध्ये उजव्या कानाने ऐकत होते. मेसेज सव्वाचार मिनिटांचा होता. तिसऱ्या ओळीनंतर पोळपाटाचा आवाज थांबला. स्कूटरचा स्टँड. पायाने ठोकलेला. मग किल्ली खरडली. बाबा त्या दिवशी ऑफिसातून मधेच परत आले होते. आई म्हणाली, "काहून, आज लवकर?" आणि मग उरलेली तीन मिनिटं.

मला प्रत्येक आवाज ओळखता आला. ती चापट. तो गुद्दा. ते ओट्याच्या कडेला डोकं. ही बुक्की पाठीत, कारण त्यानंतर माणसाचा श्वास असा निघतो. आई एकदाही ओरडली नाही. नळ चालू होता. खालून, भिंतीतून, कुणीतरी टीव्हीचा आवाज मोठा केला.

बसमध्ये माझ्या शेजारी बसलेल्या बाईने माझा हात माझ्या तोंडातून काढला. मी अंगठ्याच्या मुळाशी चावत होते आणि कुर्त्याच्या बाहीवर रक्त होतं. "बेटा, कौन मर गया?" तिने विचारलं. मी म्हणाले, कोणी नाही.

माझी समजूत अशी झाली की आई बंद करायला विसरली आणि नंतर शिकवल्याप्रमाणे नुसता बाण दाबला. तिला माहीत नाही की मी काय ऐकलं. म्हणून मी तिला फोन केला नाही. याची मला लाज वाटते. मी काय केलं तर जेवणाच्या सुट्टीत प्रेस शॉपच्या काचेशी उभी राहून ते पुन्हा ऐकलं. मशीनचा वेग आणि बाबांचा वेग जवळजवळ एक होता. घरी येऊन मी ते आवाज कापले. चापट एका ट्रॅकवर, गुद्दा दुसऱ्यावर. गुद्दा खालच्या सुरात नेला आणि तो ड्रम झाला. पुढच्या काही दिवसांत त्यावर मी गाणं बांधलं. ते फार चांगलं झालं होतं. तोपर्यंतचं आमचं सगळ्यात चांगलं. मला वाटत होतं, बाबांना सगळ्या दिल्लीसमोर उघडं करते आहे.

जसलीनला मी न सांगता हेडफोन दिले. ती आधी मान हलवत होती. मग तिने विचारलं, "ये ड्रम की किक किस चीज़ की है?"

मी सांगितलं.

तिने हेडफोन काढून भिंतीवर फेकले. त्याचे दोन तुकडे झाले. "आंटी पिट रही हैं और तू ताल लगा रही है? मैं इस पे नहीं बजाऊँगी. निकाल इसे!" ती लॅपटॉपकडे वळली आणि मी तिला मारलं. विचार न करता, उघड्या हाताने, तोंडावर. तिचा खालचा ओठ दातावर आपटून फाटला.

ती खाली बसली. हनुवटीवरून रक्त गळत होतं. ती माझ्या हाताकडे बघत होती. मीही बघत होते. अंगठा बाहेर, बोटं जुळलेली, तळहात थोडा खोल. तसा हात मी एकाच माणसाचा पाहिला होता.

"थप्पड़ का नाप घर से लाई है," जसलीन म्हणाली.

मी तिच्यासमोर तो ट्रॅक पुसला. मूळ मेसेज ठेवला. ओठाला दोन टाके पडले आणि पुढचे काही दिवस तिला सॅक्स वाजवता आला नाही. तिने मला माफ केलं असं ती म्हणाली नाही. हॉटेलात लोकांनी ओठाचं विचारलं तेव्हा मात्र उकाडा असूनही ती म्हणाली, "ठंड है यार." मला आईचं ते गाणं तिला समजावून सांगितल्याचा पश्चात्ताप झाला.

जसलीनला मारल्याच्या दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी आईला फोन केला. "आई, त्या दिवशीचा तुझा मेसेज बंद झाला नव्हता. चुकून सगळं आलं."

नळ वाजत राहिला. मग ती म्हणाली, "चुकून नाही गं. बाण दाबायच्या आधी मी पूर्ण ऐकलं होतं."

"मग पाठवलंस?"

"एकदा कुणीतरी शेवटपर्यंत ऐकावं वाटलं. तू एवढे दिवस फोन केला नाहीस. म्हटलं, हिनेही टीव्ही लावला की काय."

मग मी सगळं सांगितलं. ड्रम, जसलीनचा ओठ, माझा हात. आईने नळ बंद केला.

"ते नको घालूस गाण्यात," ती म्हणाली. "माझं गाणं घाल. तीनच ओळी झाल्यात. दोन राहिल्यात."

"पाठव मग."

"इथे नाही म्हणता येणार. तुझ्याकडे येऊन म्हणते. शनिवारी. ते जनकपुरीला गाडी बदलायचं नीट सांग मला. आणि त्या पोरीला विचार, काय खाते."

माझी आई पंधरा वर्षं दिल्लीत होती आणि मेट्रोत एकटी कधी बसली नव्हती. शनिवारी ती आली. हातात पिशवी, पिशवीत डबा. जसलीनचा ओठ तिने हनुवटी धरून उजेडात पाहिला आणि मला म्हणाली, "हळद लावलीस का हिला? मारता बरं येतं!" जसलीनला मराठी कळत नाही, पण ती हसली आणि टाका दुखला म्हणून ओरडली.

मग मी विचारलं, बाबांना काय सांगून आलीस. आई म्हणाली, "चिठ्ठी लावलीय फ्रिजवर. स्वयंपाक झाकून ठेवलाय, वरण फक्त गरम करा. मी मुलीकडे गाणं म्हणायला जाते. पत्ता लिहिलाय."

"पत्ता?"

"न सांगता कशी येऊ? पळून थोडीच आले."

आम्ही माइक लावला. आई सोफ्यावर मांडी घालून बसली. हाताला काहीतरी हवं म्हणून तिने डबाच मांडीवर घेतला आणि झाकणावर बोटांनी ताल धरला. पहिली ओळ. दुसरी. तिसरी. तिसऱ्या ओळीला जिन्यात पावलं आली. जलद. मला आधी ऐकू आली, आईला नंतर, जसलीनला शेवटी.

दार हादरलं.

"उघड! बाहेर ये! हाडं मोडीन एकेकीची!"

मी उठले. माझ्या हातात माइकचा स्टँड होता, तो कधी उचलला ते मला आठवत नाही. जसलीनने तो माझ्याकडून काढून घेतला आणि दुसऱ्या हाताने फोनवर पोलिसांचा नंबर लावला. बाबा लाथा मारत होते. मधे खालचा गार्ड वर आला असावा, कारण बाबांचा आवाज एकदम मऊ झाला, "अरे भाईसाहब, फ़ैमिली मैटर है, आप जाइए." पावलं खाली गेली आणि लाथा पुन्हा सुरू झाल्या. दाराचं वरचं पॅनल उभं चिरलं. फटीतून त्यांचा घड्याळाचा हात दिसला, तोच, मी लाटण्याने मारलेल्या मनगटाचा.

आई उठली नाही. बसल्या जागेवरून, गणपतीच्या आरतीत मुलांना दटावते त्या आवाजात, ती म्हणाली, "गाणं चालू आहे. संपेपर्यंत थांबा."

बाहेर एक क्षण खरंच शांतता झाली. मला वाटतं त्यांना ते समजलंच नाही. आणि तेवढ्यात आईने चौथी ओळ उचलली, एक सूर वर.

चौथ्या दिवशी तुटली साखळी, म्हटलं जुनीच होती.
पाचव्या दिवशी निघाले मी, म्हटलं वाट तर होतीच.

दारावर पुन्हा लाथा. आईची बोटं डब्याच्या झाकणावर. तिने पाचवी ओळ पुन्हा म्हटली, मग पुन्हा. टाके असलेल्या ओठांनी जसलीनने सॅक्स उचलला आणि दोनच सूर लांबवत राहिली. ओठावर रक्त आलं, तरी थांबली नाही. पोलीस आले तेव्हा आईने शेवटची ओळ पूर्ण केली, डबा बाजूला ठेवला, पदर नीट केला आणि स्वतः जाऊन दार उघडलं. चौकीत तिने स्वतः जबानी दिली. सव्वाचार मिनिटांचा मेसेज तिथे दिला. अल्बममध्ये त्यातला एकही आवाज नाही.

दारावरच्या लाथा मात्र आहेत. आठव्या गाण्यात, तिसऱ्या ओळीपासून. त्या ठेवायच्या की नाही हे मी आईला विचारलं. ती म्हणाली, "ठेव. त्या दाराला बसल्यात, मला नाही."

ठोंबरे काकू, तुम्ही मला कळवलंत की अल्बम ऐकला, फार सुंदर झालाय, आईला नमस्कार सांग. सांगितला. टीव्ही बंद करून ऐकलात का?

केस चालू आहे. बाबा त्याच क्वार्टरमध्ये आहेत आणि त्यांना भेटणारे लोक अजून सांगतात की माणूस सभ्य आहे. आई परत गेलेली नाही. ती हॉलमध्ये सोफ्यावर झोपते. जसलीनला तिने पुरणपोळी शिकवली आणि जसलीनने तिला पंजाबीत शिव्या. चिरलेलं पॅनल आम्ही बदलून घेतलं. तो नवा तुकडा दारापेक्षा उजळ दिसतो. माझा हात रागात अजून कधीकधी तसा जुळतो. तेव्हा मी तो खिशात घालते किंवा गिटारच्या तारांवर ठेवते, आणि जसलीन दुरून बघत असते. बघू दे.

या कोजागिरीला आईने इथे भुलाबाई बसवली. खोपडी उसाचीच. गाणी झाली, तिने बंद डबा आणला आणि न विसरता माझ्या उजव्या बाजूला येऊन हलवला.

"ओळख."

"फुटाणे," मी म्हणाले.

"राजमा," जसलीन म्हणाली. आईने कपाळाला हात लावला. खिरापतीत राजमा कोण घालतं!

झाकण उघडलं. शेंगदाणे होते, भाजलेले. आयुष्यात पहिल्यांदा मी चुकले. आई माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं तिला वाईट वाटलं. पण तिने मूठभर शेंगदाणे माझ्या हातावर ठेवले आणि माझी बोटं मिटवली. म्हणाली, "चुकू दे. एवढं काय ऐकायचं असतं घरात!"

खाली कुणीतरी स्कूटरचा स्टँड लावला होता. जसलीनने मागवलेलं जेवण घेऊन आलेला माणूस होता. त्याने बेल वाजवल्यावर मला कळलं की स्टँड कसा लागला, हळू की ठोकून, ते मी ऐकलंच नव्हतं.